ताईचं मत

ताई जेवणघरात आली आणि धाकटा भाऊ आणि त्याची बायको बोलता बोलता एकदम गप्प झाले... गेले कित्येक दिवस हेच. दार लोटून वकिलांशी कुजबुज, आणि ती दिसली की हवापाण्याच्या गप्पा!

मग सभेची नोटीस आली. वडिलांनी केलेली कंपनीची नियमावली रद्द करून तिच्या जागी संपूर्ण नवी स्वीकारायची! ताईने मसुदा उघडला. 'थोरली मुलगी तहहयात संचालक' हे कलमच गायब होतं. पुढची अक्षरं आसवांत विरघळली...

वडील गेले तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं, धाकटा शाळेत होता. ते लग्न तिने स्वतः मोडलं, का ते कुणालाही न सांगता, आणि बाटल्यांच्या कारखान्याच्या भट्टीपुढे तारुण्य होमलं. आणि आज तोच भाऊ तिला दुधातल्या माशीसारखी काढून टाकणार?

कारखान्याच्या माडीवर सभा भरली. भागधारक तिघंच: ताई, धाकटा आणि काका.

वकील म्हणाले, "ठरावाला तीन-चतुर्थांश मतं लागतात. ताईंशिवाय तो होणार नाही."

"मग नाहीच होणार!" ताई उसळली. "मला हाकलायचंय ना? तोंडावर सांग की रे!"

"काढलंय ते कलम," धाकटा म्हणाला. "दमलीस तरी तू खुर्ची सोडायची नाहीस, म्हणून. आता राहायचं की सोडायचं, ते तुझं तू ठरव. पण ताई, पुढचं वाचलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मुलीचं लग्न झालं की तिचे शेअर भावाकडे, आणि भाऊ अल्पवयीन असेल तर काकांच्या ताब्यात... हे जुन्यात होतं. मला आत्ता कळलं गं! काकांनी तेव्हाच कारखाना विकला असता. तू माझ्यासाठी ते स्थळ..." त्याने मसुद्याचं पान उलटलं. "तेही कलम काढलंय. माझ्या लेकीवर ती वेळ नको."

काका खिडकीबाहेर पाहू लागले.

ताईने डोळे पुसले, चष्मा चढवला. "थांबा. आता सगळं वाचते."

तिने खरोखरच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, दोनदा वकिलांना अडवून अर्थ विचारला, मग हात वर केला.

"कुजबुजत कशाला होतास रे मेल्या?" ती म्हणाली. "उगाच शिव्या खाल्ल्यास माझ्या!"