घळीच्या तोंडाशी

शिवशंकरला हळद वाचवायची तर पैनगंगेच्या डोहात गाळाखाली गाडली गेलेली पाण्याची मोटार बाहेर काढायलाच हवी होती. दुसरा इलाजच नव्हता! पाऊस सरला की पुढं पौषापर्यंत हळदीला नदीचंच पाणी. त्यातून काठाची पायवाट गेल्या पुरात खचलेली. उरली एकच वाट, घळीतली.

इस्लापूरकडची ही घळ म्हणजे शिवशंकरचा बाप दगडोबा तरणा होता तेव्हाची साधी ओघळ. बैल एका उडीत पलीकडं जायचा म्हणे! आता आत उभं राहून वर बघितलं तर आभाळाची नुसती चिंधी दिसते. वर काळी माती, खाली मुरूम. पाणी आधी खालचा मुरूम पोखरतं, मग वरची माती दरडीच्या दरडीनं कोसळते आणि सगळा चिखल थेट नदीत. डोह बुजला होता तो ह्याच मातीनं.

तिघं उतरले: शिवशंकर, धाकटा भाऊ वैजनाथ आणि मोटारी दुरुस्त करणारा संगमेश. मांडीएवढा चिखल तुडवतानाही वैजनाथचं तोंड काही बंद नव्हतं. आज तुझ्या बायकोनं तुला ओळखलं तर शप्पथ, असं म्हणून तो संगमेशला चिडवत होता.

दुपार कलली तेव्हा घळीच्या तोंडाशी, डोहाच्या गाळात, फावडं लोखंडावर वाजलं. दोर बांधला, कपारीतल्या धोंड्याला वेढा दिला, तिघांनी जोर लावला. हलली! नेमकी तेव्हाच सर आली. सर कसली, झोडपूनच काढलं. संगमेश निघू या म्हणाला. शिवशंकरनं ऐकलं नाही. एवढं हाताशी आलेलं कोण सोडतो?

बराच वेळ ओढाओढ चालली. मग घळ घुमली. चिखलाचा लोंढा आला! त्यात हळदीची हिरवी पानं होती. शेतात पाणी तुंबलं की बांध फोडून ते घळीत सोडायचं, ही वस्तीवर सगळ्यांचीच रीत. वर घरोघरचे बांध फुटले होते. खाली आपली माणसं आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि सर आली की वर बांध फुटणार, हे शिवशंकरच्यासुद्धा नाही!

"पळा!"

भिंत सुटली. अख्खी दरड वैजनाथवर आली. छातीपर्यंत गाडला. पाणी चढत होतं.

"दादा, पाय हलंना."

दोर एकच, आणि तो मोटारीला बांधलेला. शिवशंकरनं, खोटं कशाला बोला, क्षणभर मोटारीकडं बघितलं. मग कोयत्यानं दोर तोडला. मोटार गाळात गेली. दोर भावाच्या काखेखालून घातला. ओढ! माती उपसावी, वरून पुन्हा पडावी. पाणी गळ्याशी. हनुवटीशी. आणि वैजनाथ एकदम सुटून आला. डाव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदा झाला होता.

त्याला पाठीवर घेऊन ते वर कसे आले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. संगमेश गाडी आणायला रस्त्याकडं धावला. शेतात दगडोबा फावडं घेऊन उभा होता, चिंब भिजलेला आणि खुशीत.

"हळद वाचली बग. येळेवर बांध फोडला म्हणून."

मग त्याला वैजनाथचा पाय दिसला. म्हातारा फावडं टाकून खाली बसला. त्यानं पोराचं डोकं मांडीवर घेतलं.

शिवशंकरनं फावडं उचललं आणि फुटलेल्या बांधात माती ओढायला लागला. दगडोबानं मान वर केली.

"पाणी कोंडून समदी हळद सडंल, लेकरा."

"सडू दे."

पाणी सऱ्यांमधून वर चढत गेलं. शेजारच्या रानांतलं मात्र अजून घळीत कोसळतच होतं. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. शिवशंकरनं फावडं टाकलं आणि भावाला उचललं.