अडकलेला हात

“आई, त्यांना सांग, आज सभागृहात यायचं नाही! ते समोर दिसले की माझा नेम बिघडतो.”

‘ते’ म्हणजे कोणी परके नव्हते. भिंगरीचे सख्खे वडील होते, आणि त्याच स्वयंपाकघरात, तिच्यापासून दोन हातांवर, चहाचा कप धरून उभे होते! पण या घरात बाप-लेकीचं बोलणं गेली पंधरा वर्षं आईच्या तोंडूनच व्हायचं. मीठ हवं असलं तरी ते आईकडून फिरून यायचं, आणि आई बिचारी निरोप पोचवता पोचवता कधी एकाचा राग दुसऱ्यावर काढून मोकळी व्हायची.

“ऐकलंत ना हो?” आईनं विचारलं.

“ऐकलं म्हणावं,” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले.

भिंगरीनं डार्टची पेटी पिशवीत टाकली, आईच्या गळ्यात हात टाकले आणि दार आपटून ती निघून गेली. आज तिचा अंतिम सामना होता. आयुष्यातला पहिला! आणि ज्या माणसानं याच स्पर्धेची ढाल कधीकाळी दोनदा उचलली होती, त्या माणसाला ती साधं ‘येते’सुद्धा म्हणाली नव्हती.

बाबांनी कप खाली ठेवला.

“तिचा हात अडकतोय,” ते म्हणाले.

“काय?” आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

“काल टीव्हीवर बघितलं मी. डार्ट सोडायच्या आधी तिचं कोपर थांबलं. पापणी लवेल एवढंच... दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. मला दिसलं ग!”

आई मटकन खुर्चीत बसली. त्या एका वाक्याचा अर्थ या घरात फक्त त्या दोघांनाच कळत होता.

एके काळी या माणसाला अख्खं क्रीडाजगत ‘घड्याळ’ म्हणायचं. एका पाळीत तीन डार्ट, आणि तिन्ही कसे... टक, टक, टक! मध्ये श्वास नाही, विचार नाही. आणि मग ऐन भरात, एका उपांत्य सामन्यात, हजारो डोळ्यांदेखत तो हात वर गेला आणि तिथंच थांबला! मन ओरडत होतं, सोड, सोड... पण बोटं ऐकतच नव्हती. डॉक्टरांनी खांदे उडवले, वर्तमानपत्रांत मनगट दुखावल्याचं छापून आलं. खेळाडूंच्या खोल्यांतून मात्र एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जायची, की हे दुखणं बघणाऱ्याला लागतं. अडकलेला हात जो जवळून बघतो, त्याचाही हात एक दिवस अडकतो. बाबा हसले होते त्यावर. पण रोज त्यांच्या शेजारी उभं राहून सराव करणारा त्यांचा जिवलग मित्र महिन्याभरात तसाच अडकला, आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच सुमारास नऊ वर्षांची भिंगरी त्यांचा डार्ट मुठीत घेऊन नाचत आली होती. “बाबा, तू टाकून दाखव ना! तू दाखवलंस की मला लग्गेच येईल!”

काय करायचं त्या बापानं? त्यांनी त्याच दुपारी भिंतीवरचा बोर्ड उतरवून देऊन टाकला, डार्ट नेऊन टाकले, आणि लेकीला दरडावून सांगितलं, “या घरात हा खेळ नाही! पुन्हा विचारायचं नाही!” ती हुंदके देत झोपली आणि ते दाराबाहेर बसून राहिले. बायकोकडून त्यांनी वचन घेतलं, की पोरीला यातलं अक्षरही कळता कामा नये. कळलं की ती बघायला मागेल, आणि बघितलं की संपलं!

पण रक्तातलं वेड असं थोडंच जातं? भिंगरी दूरच्या एका क्लबात परक्या माणसांकडून शिकली. बापानं आपल्याला शिकवलं नाही, कारण त्याला आपला मत्सर वाटतो, अशी तिची पक्की समजूत झाली, आणि बाबांनी ती कधी पुसली नाही. लेकीचा तिरस्कार त्यांनी औषधासारखा रोज गिळला... तिचा हात मोकळा राहावा म्हणून!

“अहो, मग आता तरी सांगा तिला!” आई रडत म्हणाली.

“सांगून भागायचं नाही.” बाबा सदरा बदलायला वळले. “चल, ऊठ लवकर!”

सभागृह नुसतं उसळत होतं! पाय आपटले जात होते, फलक नाचत होते, आणि मंचावर भिंगरी वाऱ्यासारखी खेळत होती. आधी सात डाव जिंकेल तो विजेता. प्रत्येक डावात पाचशे एक गुणांवरून उतरत नेमकं शून्यावर पोचायचं, आणि शेवटचा डार्ट बोर्डाच्या कडेच्या बोटाहून अरुंद पट्टीत, डबलमध्येच, बसला पाहिजे. भिंगरीनं पाहता पाहता पाच डाव घेतले, समोरच्या खेळाडूनं एक. आई तर खुर्चीवर बसायचंच विसरली.

आणि मग तिचा हात अडकला.

सुरुवातीला लोकांना वाटलं, ती नेम धरतेय. मग कुजबुज सुरू झाली. हात वर जायचा, थरथरायचा, खाली यायचा. ती कपाळ पुसायची, डार्ट बदलायची, बोटांवर फुंकर मारायची. सगळे बहाणे बाबांना पाठ होते, ते त्यांनी स्वतः करून झाले होते! एक डाव गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा... पाच-पाच! मध्यंतराची घंटा झाली तेव्हा भिंगरी खाली मान घालून आत पळाली.

बाबांनी गर्दी अक्षरशः कापली. आतल्या दारावरचा रखवालदार आडवा आला, आणि मग त्याचेच डोळे विस्फारले. “अरे, घड्याळ! तुम्ही? जा, जा आत!”

सरावाच्या खोलीत ती भिंतीला कपाळ टेकून उभी होती.

“मजा बघायला आलात?” इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा थेट बोलली, आणि बोलली ते हे! “बघा ना! पोट भरून बघा! माझं सगळं संपलं...”

बाबांनी तिच्या हातातला डार्ट घेतला, सरावाच्या बोर्डासमोर रेषेवर पाय लावला, आणि जे दृश्य तिच्यापासून दडवण्यासाठी त्यांनी बापपण पणाला लावलं होतं, ते तिच्या डोळ्यांसमोर उघडं केलं. हात वर गेला... आणि अडकला. दात आवळले गेले, मानेच्या शिरा फुगल्या, बोटं पांढरी पडली. पुन्हा वर... पुन्हा अडकला! शेवटी डार्ट कसाबसा सुटला आणि बोर्डाच्या कडेला लटकला.

भिंगरी भिंत सोडून पुढे आली. “हे... हे कधीपासून?”

“तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“बघणाऱ्याला लागतं म्हणतात ग, पोरी...” त्यांनी तो हात पाठीमागे घेतला. “तुला लागू नये म्हणून... म्हणून बोर्ड काढला, म्हणून ओरडलो... तू माझा हात बघू नयेस म्हणून!”

तिच्या तोंडून रडणं आणि हसणं एकदमच बाहेर पडलं.

“अरे बाबा, पण मला तर न बघताच लागलं रे!”

बाबांनी एवढं सोसलं, एवढा दुरावा गिळला, सगळं फुकट? पण भिंगरीनं त्यांना घट्ट धरलं होतं, आणि ‘मूर्ख, मूर्ख बाबा’ म्हणत ती त्यांच्या छातीवर कपाळ आपटत होती. आसवांनी सदरा भिजत होता आणि बाबांना वाटत होतं, हा क्षण असाच राहावा, सामना गेला खड्ड्यात!

“पण मग सोडायचा कसा?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“मला कुठं ठाऊक? मी तर पळालो!” बाबा म्हणाले. “लोक बघतील, हसतील, याचीच धास्ती खाऊन पळालो. पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा कुणासमोर टाकला... आणि सुटला बघ, वाकडा का होईना. तू लपवू नकोस भिंगरे. अडकला तर अडकू दे. हसू देत की हसतात ते!”

घंटा झाली. ती धावतच गेली.

आणि काय ते डाव! तिचा हात अडकतच होता, पण आता ती बहाणे करत नव्हती, हात तसाच हवेत ठेवून शांत उभी राहत होती. सुरुवातीला कोणीतरी खिदळलं, मग इतरांनीच त्याला गप्प केलं. सहा-पाच! सहा-सहा! शेवटचा डाव, तिला हवं होतं वीसचं डबल, आणि तो अखेरचा डार्ट... हात वर गेला, थांबला. आईनं बाबांच्या दंडात नखं रुतवली. सगळं सभागृह तिच्याबरोबर अडकलं होतं! आणि मग तिची बोटं उघडली. लाल पट्टीत, अगदी मधोमध, डार्ट घुसला, आणि छप्पर उडेल असा जल्लोष झाला!

ढाल हातात आल्यावर निवेदकानं तिच्यापुढे ध्वनिक्षेपक धरला. तिनं तो घेतला आणि हाक मारली, “बाबा, वर ये!”

बाबा नको नको म्हणून मान हलवत राहिले. आईनं त्यांना पाठीत असा धक्का दिला, की ते पायऱ्यांपर्यंत पोचलेच.

“टाक,” भिंगरीनं त्यांच्या तळहातावर डार्ट ठेवला. “सगळ्यांसमोर.”

“अडकेल ग...”

“मग अडकू दे की.”

अडकला. एकदा, दोनदा, तीनदा. हजारो माणसं श्वास रोखून त्या म्हाताऱ्या हाताकडे बघत होती, आणि कोणीही हसलं नाही. डार्ट सुटला तो बोर्ड सोडून थेट खालच्या भिंतीत! बाबांनी डोळे गच्च मिटले. पण टाळ्यांचा असा कडकडाट उठला, की त्यांना ते उघडावेच लागले. समोर त्यांची लेक रडत उभी होती, हात पुढे करून.

“घे, बाबा,” ती म्हणाली. “अजून दोन आहेत.”