दोन ठोके

हे खरं आहे.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. रचलेल्या गोष्टींचा मला आता वीट आलाय. का, ते पुढे कळेलच.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवार होता, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. म्हणजे भुताखेतांची वेळसुद्धा नव्हती. जागा, आमचं स्वतःचं घर. चढाच्या गल्लीतलं शेवटचं, एकमजली. बाबा गेल्यावर ते दोन वर्षं बंद होतं. आईचं तिथे परत जायचं टुमणं काही थांबेना, म्हणून शेवटी मी बदली मागून घेतली आणि आम्ही दोघी राहायला आलो.

बैठकीच्या खोलीत लोखंडी चूल आहे. काचेच्या दाराची, लाकडावर चालणारी. तिच्या डोक्यावरून धुराडं सरळ छपराबाहेर जातं. अख्खं घर त्या एका चुलीवर ऊबदार राहायचं आणि त्या चुलीवर राज्य बाबांचं.

त्यांचे नियम आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ. लाकूड वर्षभर वाळलेलंच हवं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या, टणक आवाज आला तर वाळलंय, भद्द आवाज आला तर परत ढिगात. आधी कागदाचा बोळा पेटवून धुराडं गरम करायचं. झडप पूर्ण उघडी. राख झाकणाच्या बादलीतच.

आणि सगळ्यात मोठा नियम ठोक्यांचा.

दर हिवाळ्याआधी बाबा स्वतः छपरावर चढून धुराड्यात ब्रश घालायचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खाली चुलीपाशी. ब्रश फिरवून झाला की बाबा वरून धुराड्यावर तीन ठोके मारायचे. त्याचा अर्थ, 'बघ रे, साफ झालं का?' मग दादानं चुलीत आरसा धरायचा. आरशात आकाशाचा गोल तुकडा दिसला, तरच सळईनं दोन ठोके द्यायचे.

दोन ठोके मिळाल्याशिवाय बाबा काडी ओढत नसत.

बाबा गेले तेव्हा आई माझ्याकडे होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. दादाचा सकाळी फोन आला. झोपेतच गेले, हृदय बंद पडलं म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा कडाक्याच्या थंडीत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. माणसांची गर्दी आहे, म्हणून असतील... असं मला वाटलं होतं.

असो. राहायला येण्याआधी मी दादाला विचारलं होतं, धुराडं साफ आहे ना?

"साफ आहे. मी स्वतः केलंय," तो म्हणाला होता.

वर विजेचा एक हीटरही आणून दिला. हाच वापर, लाकडांची कटकट कशाला, असं दोनदा बजावून गेला. दादा वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे त्याला विजेचंच कौतुक. मी हसले होते.

पण हीटरनं आईची थंडी जाईना. तिची छाती आधीच नाजूक. म्हणून त्या गुरुवारी मी चूल पेटवायला घेतली. ढलप्या आपटून पाहिल्या. झडप उघडली. कागदाचा बोळा पेटवून आत धरला...

धूर वर जाईना. उलटा खोलीत आला.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

टक्... टक्... टक्.

मी बाहेर धावले. छपरावर कुणी नव्हतं. शिडी मागच्या भिंतीला आडवी, दोन वर्षांची जळमटं घेऊन तशीच पडलेली.

दादाला फोन केला. ठोक्यांचं बोलले नाही, हसला असता. धुराचं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, साफ आहे. वारा उलटा असेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाचला पेटवली. या वेळी धूर थोडा वर गेला. जाळ मात्र मरगळलेला, पिवळट. काच दहा मिनिटांत काळी झाली. वाळलेल्या लाकडानं असं होत नाही. मी सळईनं निखारे पुढे ओढत बसले.

टक्... टक्... टक्.

थोडं थांबून पुन्हा तीन.

मग पुन्हा तीन. या वेळी घाईघाईनं.

आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिला हल्ली ऐकू कमी येतं. दारावरची घंटासुद्धा कळत नाही. ती डोळे न उघडताच म्हणाली,

"त्यांना उत्तर दे गं. कधीचे खोळंबलेत वर."

माझ्या हातातली सळई तशीच राहिली.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा लालबुंद. डोकं ठणकतंय म्हणाली आणि शब्द जड येत होते. माझंही डोकं मघापासून जड होतं... ते मला तेव्हा कुठे कळलं.

खिडक्या उघडल्या. आईला जवळजवळ उचलून अंगणात आणलं. आत जाऊन निखारे चिमट्यानं बादलीत टाकले, झाकण लावलं, बादली बाहेर ठेवली. घाईत झाकण दोनदा पडलं. अर्ध्या तासानं आई माणसात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुराडी साफ करणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्यानं वर चढून ब्रश घातला आणि खाली चुलीत बादलीभर ऐवज कोसळला. काड्या, पिसं, काजळीचे गठ्ठे. तो उतरून आला आणि उकिडवा बसून ते चिवडायला लागला.

"ताई, पक्ष्याचं घरटं तोंडाशी असतं. हे आत दाबलं गेलंय. कुणीतरी वरून ब्रश घातला आणि खाली कुणी बघितलंच नाही. बोटभर फट होती, तेवढ्यावर तुम्ही वाचलात."

किती जुनं असेल, मी विचारलं.

"दोन हिवाळे तरी. त्यानंतर इथे कुणाचा हात लागलेला नाही."

काजळीत हिरवं काहीतरी होतं. मी उचललं. नायलॉनच्या दोरीचा तुकडा. बाबांचा ब्रश जुना झाला होता. त्याचे केस गळू नयेत म्हणून त्यांनी अशीच हिरवी दोरी गुंडाळली होती.

तो तुकडा पुसून मी जपून ठेवला.

दादाला संध्याकाळी पाचला बोलावलं. आई आत झोपली होती. मी तो तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो ओळखला. हात लावला नाही.

चुलीकडे वळला. मग बोलला. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वरून ठोके दिले, तेव्हा तो फोनवर होता, गिऱ्हाइकाशी. आरसा धरला नाही. बोलता बोलता सळई उचलली आणि दोन ठोके देऊन टाकले. संध्याकाळी बाबांनी खुशाल चूल पेटवली. सकाळी तो आला, तेव्हा घरात चुलीचा विषारी गॅस कोंडलेला होता. डॉक्टरांना बोलावण्याआधी त्यानं खिडक्या उघडल्या.

सगळ्या खिडक्या.

चूक कुणाच्याही हातून होते. ती मी गिळली असती, रडून का होईना. पण नंतरच्या दोन वर्षांचं काय?

"मी विचारलं तेव्हा साफ केलंय म्हणालास," मी म्हणाले. "काल आई गेली असती, दादा."

"माझा हात तिकडे जात नाही गं. म्हणून तर हीटर आणून दिला."

हीटर. आईच्या जिवापुढे त्यानं हीटर ठेवला होता. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला की कसं वाटतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी त्याला जा म्हणणार होते. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात...

टक्... टक्... टक्.

धुराडं साफ होतं. कारागीर केव्हाच गेला होता. बाहेर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

दादा पांढराफटक पडला. मग हळूच उठला. फळीवरचा बाबांचा आरसा घेतला, चुलीचं दार उघडलं आणि गुडघ्यावर बसून आरसा आत धरला. दोन वर्षांपूर्वी जे करायचं होतं, ते आत्ता केलं.

तो बघत राहिला... बघतच राहिला.

काय दिसतंय, मी विचारलं.

त्यानं आरसा बाहेर काढला. जमिनीवर पालथा ठेवला.

"काही नाही. साफ आहे."

तेच शब्द.

सळई त्याच्या हाताशी होती. साफ होतं, तर दोन ठोके का दिले नाहीत? तो चपला हातात घेऊन निघून गेला. तेव्हापासून आलेला नाही. फोन केला तरी एवढंच म्हणतो, आकाश दिसलं, दुसरं काय दिसणार. त्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. म्हणजे, ओळखते असं वाटायचं.

चूल तशीच थंड आहे. आरसाही पालथाच आहे. तो उचलून आत बघायची हिंमत मला होत नाही.

आईला यातलं काहीच माहीत नाही. ती हीटरपाशी शाल गुंडाळून बसते. साडेपाच वाजले की ठोके येतात. मग ती मान वर करते आणि विचारते,

"उत्तर दिलंस का गं?"

आणि मी म्हणते, "दिलं."