गोंद घट्ट, तरी सांधा तुटला

"कडाड!"

सांधा तुटला. सलग दुसऱ्यांदा! केतकीने कपाळावर हात मारून घेतला.

ही गोष्ट सन २०५२ मधली. कातळवाडीच्या ओढ्यावर नवा साकव (पायी जायचा लाकडी पूल) बांधायचा होता. खिळा नाही, बोल्ट नाही. फळीला फळी चिकटवायची. सांध्याचा आराखडा बारा वर्षांच्या केतकीचा. तिसरी चाचणी फसली तर साकव रद्द! मग पलीकडची नऊ मुलं आणखी वर्षभर चार किलोमीटरचा वळसा घालून शाळेत येणार. त्यांतलीच एक तिची जिवलग मैत्रीण रेवती.

"माझ्या गणिताने पाचशे किलो पेलायला हवे होते, दोनशेलाच तुटला," यंत्रमानव टकटक्या म्हणाला. "गोंद वाढवू?"

"थांब रे, आधी बघू तर दे!"

केतकीने तुटलेला भाग चाचपला. गोंदावर लाकडाचे तंतू चिकटून होते. म्हणजे गोंद सुटलाच नव्हता, फाटलं होतं ते लाकूड!

"टकटक्या, तू गणित करतोस तरी कसं?"

"सांध्याचं प्रतिरूप (संगणकातली नक्कल) बनवतो. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यावर किती ताण (आतली ओढ) येतो ते काढतो. झेपला नाही, की तुकडा लाल."

"आणि लाकूड कसं असतं, हे कोणी सांगितलं?"

"तूच. सगळ्या बाजूंनी सारखंच भक्कम."

केतकीने जीभ चावली. बाबांना सरपण फोडताना तिने शंभरदा पाहिलं होतं. ओंडका रेषेने (तंतूंच्या दिशेने) एका घावात चिरतो, आडवा तोडायला मात्र घाम निघतो.

"चुकलंच माझं! लाकूड रेषेच्या लांबीत भक्कम असतं, पण रेषा एकमेकींपासून उचकटायला सोप्या. आता मोज."

पडद्यावर सांधा उमटला. मधला भाग हिरवा, दोन्ही टोकं लालभडक. ओढ बसली की फळी टोकाशी उचकटत होती, कपाळावरची टिकली कडेने सुटते तशी.

"मग गोंद वाढवून काय डोंबल होणार! टोकं तासून पातळ करू. ती जराशी वाकतील, म्हणजे उचकटणार नाहीत."

टकटक्याने तसं मोजलं, तर पडद्यावरचा लाल रंग ओसरला. केतकीने शेवटच्या दोन फळ्या स्वतः रंध्याने तासल्या. तळहाताला फोड आले, तरी हटली नाही.

गोंद वाळल्यावर सरपंचबाईंसमोर वजन चढू लागलं. दोनशे. तीनशे. साडेचारशे. केतकीने श्वास रोखला. पाचशे! सांधा जागचा हलला नाही.

"सोमवारपासून कामाला लागा," सरपंचबाई म्हणाल्या. ओढ्यापलीकडून रेवतीने आनंदाने आरोळी ठोकली.

"झालं आपलं काम?" टकटक्याने विचारलं.

"लाकूड पावसात फुगतं, हे सांगितलंय मी तुला?"

"नाही."

"मग बस इथे," केतकी म्हणाली. "सांगते."