तिसरं पेडल

आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण गाडीच्या गिअरवरून झालं. सासर, माहेर, मुलीचं शिक्षण, पडद्यांचा रंग, असल्या विषयांवर आम्ही कधी आवाज चढवला नाही. पण गिअरवरून दोन आठवडे घरात नुसता धुरळा होता.

माझा नवरा चित्रकलेचा शिक्षक. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही. निवृत्त झाल्यावर दोन सीटांची, जमिनीला पोट घासत पळणारी स्पोर्ट्स कार घ्यायची, सेकंडहँड का होईना, हे त्याने तरुणपणीच ठरवून ठेवलं होतं. निवृत्ती आली, पण तिच्या आधी अर्धांगाचा झटका आला. "सौम्य आहे," डॉक्टर म्हणाले. वाचा परत आली, हात परत आला. डावा पाय तेवढा आला नाही. म्हणजे होता जागेवरच, पण सांगितलेलं ऐकत नव्हता. काठी घेऊन मास्तर घरभर फिरायचा, पण पंजा खाली दाब म्हटलं की पाय नुसता विचार करत बसायचा. त्यात संवेदनाही नव्हती. चप्पल निसटली तरी मास्तरला पत्ता नसायचा.

"शेवटच्या बाकावरचा मुलगा आहे तो," मास्तर म्हणायचा. "नाव पुकारलं तरी हजेरी देत नाही."

माझी मोठी नणंद फिजिओथेरपिस्ट. रोज संध्याकाळी येऊन ती भावाच्या पायाशी झटापट करायची. गाडीचा विषय निघाला तेव्हा ताईंनीच आधी मान डोलावली.

"घे रे गाडी. मन रमेल. पण ऑटोमॅटिक. तिला क्लच नसतो, डाव्या पायाचं कामच नाही. दोनच पेडलं, दोन्ही उजव्या पायाची."

"ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार?" मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे रंग मी निवडायचे आणि ब्रश दुसऱ्याने धरायचा!"

"आणि क्लच कोण दाबणार?" मी विचारलं.

"हा दाबेल. काम दिलं की येईल वळणावर."

मी ताईंच्या बाजूला. त्याला कारण माझा धंदा. मी लिफ्ट तपासते. दोर, ब्रेक, दरवाजे, सगळं पाहून 'चालवायला हरकत नाही' अशी सही करणारी ती बाई मी. मधल्याच मजल्यावर कुणी बटण न दाबता लिफ्ट थांबते, लोक घाबरून जिने चढू लागतात, आणि मग मला बोलावतात. दर वेळी काहीतरी सापडतं. ओली वायर, झिजलेला स्विच, एकदा तर उंदराचं बिऱ्हाड. यंत्र उगाच काही करत नाही, यावर माझा विश्वास आहे. आणि जो पाय हलत नाही, तो क्लच दाबणार नाही, हे समजायला इन्स्पेक्टर असावं लागत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. नशीब म्हणा, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, गर्द हिरव्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुळ्या बहिणी जणू. एक ऑटोमॅटिक, एक गिअरची. दुकानदार गोलमटोल, बोलघेवडा, टाय पोटाच्या मध्यावरच थकलेला.

"दोन्ही फिरवून बघा की," तो म्हणाला. "मागचं पटांगण आपलंच आहे."

मास्तरने आधी ऑटोमॅटिक फिरवली. गाडी लोण्यासारखी चालली. "छान आहे," तो म्हणाला. पालकांसमोर एखाद्या मुलाच्या बेताच्या चित्राला तो ज्या सुरात 'छान' म्हणायचा, अगदी त्या सुरात.

मग गिअरच्या गाडीत 'नुसतं बसतो' म्हणाला. मी शेजारी बसले, हँडब्रेकवर हात घट्ट ठेवून. आतून जुन्या चामड्याचा आणि किंचित ओल्या मातीचा वास येत होता. मास्तरने पँट दोन्ही हातांनी धरून डावा पाय उचलला, क्लचवर ठेवला, आणि त्या पायाला म्हणाला, "रागावू नकोस. एकदा प्रयत्न करू."

चावी फिरली. क्लच खाली गेला. पहिला गिअर पडला. माझा हात बाजूला सारून मास्तरने हँडब्रेक सोडला आणि गाडी निघाली. एक धक्का नाही, एक आचका नाही. दुसरा गिअर. तिसरा. पटांगणाला आम्ही दोन फेऱ्या मारल्या.

"आला!" मास्तर ओरडला. "हजर म्हणाला गं, हजर!" तो हसत होता आणि गाल ओले झाले होते. माझेही. दुकानदार दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. तो जवळ मात्र आला नाही.

गिअरचीच गाडी घरी आली, हे सांगायला नकोच. मी तर आता एका पायावर तयार होते.

संध्याकाळी ताई धावतपळत आल्या. भावाला पलंगावर बसवून त्याच्या तळव्याला हात लावला. "दाब." पाय हलला नाही. "अरे दाब ना." काही नाही.

"गाडीत येतो," मास्तर म्हणाला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "मी शेजारी होते, ताई."

"मेंदू म्हणजे अजब चीज आहे," ताई शेवटी म्हणाल्या. "जुनी सवय वेगळ्या वाटेने पोचत असेल. चालू दे." मला ते पटलं. कारण मिळालं की मला झोप लागते.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. मास्तर सकाळी दाढी करून, गळ्यात रुमाल बांधून निघायचा. मला कामावर सोडायचा. लिफ्ट तपासणारी बाई स्पोर्ट्स कारमधून उतरते म्हणून इमारतींचे पहारेकरी सलाम ठोकू लागले. सुट्टीच्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या तलावावर जायचो. तो चित्रं काढायचा, मी पेंगायचे. झटक्यानंतर कागदाला न शिवलेला माणूस आता रंगांनी बाह्या माखून घरी येत होता. मी त्या गाडीला मनातल्या मनात रोज हात जोडायचे.

मग एका सकाळी आम्ही सिग्नलला थांबलो होतो. मास्तर शेजारच्या बसमधल्या मुलांना वाकुल्या दाखवत होता. माझी पर्स पायाशी पडली. ती उचलायला मी वाकले आणि सहज पलीकडे पाहिलं.

त्याचा डावा पाय क्लचवर नव्हता. बाजूला, गिअरखालच्या उंचवट्याला टेकून आडवा पडला होता. बुटाची नाडी सुटलेली होती.

सिग्नल हिरवा झाला. क्लच आपोआप खाली गेला. मास्तरने गिअर टाकला. क्लच सावकाश, अगदी प्रेमाने वर आला आणि गाडी निघाली.

"बघितलंस कसा मऊ सोडला?" मास्तर म्हणाला.

मी पर्स मांडीवर घेतली. "बघितलं," म्हणाले.

त्याला माहीत नव्हतं. त्या पायात संवेदनाच नव्हती. पाय कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं. गाडी चालते आहे म्हणजे पाय चालतो आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर मी माझी टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन खाली उतरले. मनात शंका होती ती साधी. अपंगांसाठी क्लचला छोटी मोटर बसवून देतात. आधीच्या मालकाने बसवली असेल. मी सीट मागे सारली, पाठीवर पडून पेडलांखाली शिरले. मोटर नव्हती. जादा वायर नव्हती. एक साधी केबल, इंजिनाकडे गेलेली. ओढून पाहिली, ठीक होती.

मग आरसा पेडलच्या मागे धरला.

क्लचचं पुढचं रबर, जिथे पाय पडतो तिथे, कोरं होतं. वरचे उभे चरे नव्यासारखे शाबूत. मागची लोखंडी बाजू मात्र चकाकत होती. गंज नाही, रंग नाही, कडा गोलसर झालेल्या. हाताने आलेली चकाकी मला ओळखू येते. लिफ्टमध्ये लोक ज्या दांडीला धरून उभे राहतात ती अशीच होते, वर्षानुवर्षं बोटं फिरून.

मी टॉर्चने त्या जागेत सगळीकडे पाहिलं. पेडलांच्या मागे एखादं मांजर जेमतेम मावलं असतं.

भीती वाटली का? वाटली. पण तपासणी अर्धवट सोडायची सवय नाही मला. मी सीटवर बसले, गाडी सुरू केली, आणि दोन्ही पाय पेडलांपासून दूर, सीटला चिकटवून ठेवले.

"पहिला," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज मला परका वाटला.

क्लच खाली गेला. आणि तिथेच थांबला. वाट पाहत.

मी गिअर टाकला नाही. गाडी बंद केली. क्लच थोडा वेळ खालीच राहिला. मग हिरमुसल्यासारखा वर आला.

मी त्याच दुपारी गाडी घेऊन दुकानात गेले. ऑटोमॅटिक अजून तिथेच उभी होती.

"बदलून हवी?" माझं बोलणं सुरू व्हायच्या आत दुकानदार म्हणाला. "बदलून देतो. काही प्रश्न नाही."

"काय झालं ते विचारणार नाही?"

त्याने टाय सारखा केला. "चालते ना पण नीट?"

"नीटच चालते."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे पाहणं टाळत चहा मागवायला आत गेला.

मास्तरला मी सांगितलं की ताईंचा आग्रह आहे, पायावर ताण नको. तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. गळ्यातला रुमाल सोडून त्याने खिशात ठेवला.

दुकानात तो ऑटोमॅटिकमध्ये बसला. डाव्या पायाला जिथे तिसरं पेडल असायचं तिथे नुसता गालिचा होता. मास्तरने पँट दोन्ही हातांनी धरून पाय उचलला आणि एका कोपऱ्यात ठेवला. बिनकामाची छत्री ठेवावी तसा.

"जा बाबा, तुला सुट्टी," तो पायाला म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला बघवेना.

काय सांगणार होते मी त्याला? तुझा पाय कधी आलाच नव्हता म्हणून?

माझ्या नोकरीत, कारण सापडलं नाही तर सही करायची नसते. लिफ्ट कितीही छान चालत असो, सील ठोकायचं आणि दुसऱ्या दारी जायचं. मी गाडीच्या दाराशी उभी होते. पलीकडे आमची हिरवी गाडी उन्हात उभी होती. इतक्या दिवसांत तिने चुकून एक आचका दिला नव्हता. ओरखडा नव्हता. आणि माझा नवरा पुन्हा चित्रं काढत होता.

"उतर," मी म्हणाले. "गिअरचीच बरी."

"आणि ताई?"

"ताईंना मी बघते."

मास्तर असा उतरला की काठी आतच विसरला. परतताना उड्डाणपुलाच्या चढावर आम्ही वाहनांच्या रांगेत अडकलो. पुढे ट्रक, मागे टँकर. गाडी अर्ध्या क्लचवर जागच्या जागी उभी राहिली, तसूभर मागे सरकली नाही. मास्तर शीळ घालत होता. मी खाली पाहिलं नाही. पायांशी कुणी तरी काम करत आहे आणि आपण त्याला त्रास देऊ नये, एवढं मी स्वतःला समजावलं. कारण न कळलेलं यंत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पास केलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोपही छान लागली.

परवा रविवार होता. दुपारी मास्तर जेवून सोफ्यावर आडवा झाला आणि घोरू लागला. डावा पाय कडेवरून खाली लोंबत होता, पायात करडा मोजा. मी टेबलाशी बसून कामाचे कागद पाहत होते. बाहेर ऊन, खिडकीत कुंडीवर चिमण्या.

मोजा हलला.

मी चष्मा वर केला. मास्तरचा पंजा हळूच खाली गेला. थांबला. सावकाश वर आला. पुन्हा खाली. झोपेतच तो पुटपुटला, "दुसरा..." आणि गालात हसला.

आला, खरंच आला की हा पाय! गाडीशिवाय, घरात, आपला आपण. ताईंना दाखवायलाच हवं म्हणून मी बसल्या जागेवरून फोन उचलला, त्याच्या पायावर धरला आणि चित्र मोठं केलं.

पाय खाली जाण्याच्या जरा आधी मोज्याला खळगे पडत होते. चार वरच्या बाजूला, ओळीने. एक खाली, तळव्याला. ते आधी खोल जायचे, मग पाय खाली यायचा.

"तिसरा," मास्तर म्हणाला.

पाय खाली गेला, वर आला. खळगे एक एक करून भरून निघाले. मोजा पुन्हा सपाट झाला. सोफ्याखाली किंचित ओल्या मातीचा वास आला, आणि मग तो टेबलाच्या दिशेने येऊ लागला.

मी फोन खाली ठेवला, आणि आवाज न करता माझे दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले.