गोंगाट चालू राहू द्या

बसा. पण कुठल्याही बटणाला हात लावू नका. भर दुपारी सगळे दिवे, टीव्ही, पंखा, फ्रिज चालू बघून माझं डोकं फिरलंय असं वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या. रेडिओ रिसिव्हरचं विचारायला आलात ना? तेवढंच विचारा.

रिसिव्हर म्हणजे या दोन डब्या, कॉम्प्युटरला जोडायच्या. एक स्वस्त, एक महाग. अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर कोणती जास्त ऐकते, ते मला बघायचं होतं. तिथे खरा वैरी घरातलाच असतो. चार्जर, दिवे, फ्रिज, सगळे रेडिओत कुरकुरत असतात. म्हणून एकेक वस्तू बंद करत जायचं आणि कुरकुर कशाने थांबते ते बघायचं.

मी तेच केलं. शेवटी मेन स्विचही पाडला. लॅपटॉप बॅटरीवर होता. माझी थोरली बहीण स्वयंपाकघरातून वैतागून आली. आमचं जन्मात पटलं नाही, पण एकमेकांशिवाय आम्हाला होतं तरी कोण?

"उकडून मारतोस का मला?"

"ताई, गप्प बस जरा. ऐकू दे."

स्वस्त डबी मुकी झाली होती. महाग डबीत मात्र आवाज उरला होता. धप्… धप्… कानाला हेडफोन, काखेत लॅपटॉप आणि अँटेना हातात धरून मी घरभर फिरलो. ताईजवळ गेलं की आवाज वाढायचा.

"मोबाईल आहे का तुझ्याजवळ?"

"तूच बंद करून ठेवलास ना मघाशी!"

माझं टाळकं सरकलं. "मग फाटकापाशी जाऊन बस. माझं काम होऊ दे."

ती बडबडत गेली. आवाज हळूहळू बारीक होत गेला. आणि मग एकदम तुटला… कानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी समाधानाचा सुस्कारा सोडला. काम जमल्यावर मी सोडतो ना, अगदी तसा.

"हं… हा बंद झाला. अजून एक कुरकुरतोय…"

मी हेडफोन फेकून धावलो. ताई फाटकाला टेकून बसली होती, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तिच्या बडबडीशिवाय हे घर मला खायला उठतं.

तेव्हापासून मी काहीही बंद करत नाही. एवढ्या गोंगाटात त्याला मी सापडत नाही. तुम्ही स्वस्तातला घ्या. त्या डबीला कमी ऐकू येतं.

टीव्ही तुम्ही बंद केलात? रिमोट तर माझ्याजवळ आहे… वीजही गेलेली नाही, दिवे जळताहेत. मग पंखा का थांबला…?

फ्रिजही…

बोला. काहीही बोला, मोठ्याने बोला. अहो… असे काय बघताय? श्वास घ्या ना…