धुऊन परत आलेला दोर

खोटंच सांगायचं असतं, तर मी रात्र निवडली असती. अमावास्या, पडकी विहीर, कुत्र्याचं रडणं... सगळं घातलं असतं.

पण ही भर दुपारची गोष्ट आहे. आणि अक्षर न् अक्षर खरी आहे.

रविवार होता. आभाळ भरून आलेलं, तरी उजेड भरपूर. जागा म्हणजे विटांच्या मातीची एक बंद पडलेली खाण. ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे सख्खे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस मुलखाचा नीटनेटका. दिवसभर लोकांच्या काचा पुसतात, आणि घरी आल्यावर स्वतःचे हात. कपाला बाहेरून चहाचा ओघळ आलेला दिसला, तरी तो कप त्यांना नको होतो.

अशा माणसाला चिखलात गाडी घालायची हौस! पण हौसेला मोल नसतं. चारही चाकांना जोर मिळणारी, फोर बाय फोर म्हणतात ती गाडी त्यांनी घेतली. पुढच्या बंपरवर विंच बसवून घेतली. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा रहाटच. दोर सोडायचा, अडकलेल्या गाडीला हूक लावायचा, रिमोटचं बटण दाबून धरायचं. गाडी ओढली जाते. हूक कुणाच्या हुकात मिसळू नये म्हणून ताईने त्यावर आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला होता.

गाडी आली. आता न्यायची कुठे?

जंगलात बंदी. नदीच्या पात्रात बंदी. माळ बघावा, तर तो कुणाच्या तरी मालकीचा. बाकीचे हौशी सरळ घुसतात. पेरलेलं शेत तुडवतात, बाटल्या फेकून येतात आणि वर मोठ्या फुशारकीने त्याचे व्हिडिओ टाकतात. भाऊजींना त्यांची शिसारी येते. ताईने तर आधीच बजावलं होतं, "अहो, परवानगी असेल तिथेच न्यायची. नाहीतर ती गाडी आपल्या दारात नको."

त्यामुळे हा बाबा कित्येक महिने कचेऱ्यांना फोन करत बसला. घोडा घेतला आणि माळ सापडेना, अशी गत. शेवटी ही खाण सापडली. मालकाने रीतसर परवानगी काढून ती गाड्यांसाठी खुली केली होती. फाटकावर पास दाखवायचा, आत झेंडे लावलेत त्या वाटेने फिरायचं. सगळं राजरोस.

सोबत त्यांचा शाळेपासूनचा मित्र होता. गॅरेजवाला. सगळे त्याला पान्या म्हणतात, कारण लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याच्या खिशातून पाना डोकावतोय.

पुढचं कळण्यासाठी या लोकांच्या क्लबचे तीन नियम सांगायला हवेत.

अडकलेल्याला सोडून पुढे जायचं नाही, हा पहिला.

दुसरा हॉर्नचा. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून अडकलेला माणूस हॉर्न देतो. एक हॉर्न म्हणजे ओढा. दोन म्हणजे थांबा.

आणि तिसरा, ज्याला बाहेर काढलं त्याने दोर स्वच्छ धुवायचा, वाळवायचा, नीट गुंडाळायचा आणि ओढणाऱ्याच्या घरी स्वतः नेऊन द्यायचा. नुसतं 'थँक्यू' चालत नाही. हा नियम भाऊजींचा सर्वांत लाडका. का, ते सांगायला नको.

फाटकावर एक जाडजूड बाई बसली होती. पास बघताना तिने मानही वर केली नाही.

"झेंडे सोडून जायचं नाही. आणि खाली कुणी अडकलेलं दिसलं तर हात लावायचा नाही. परत येऊन मला सांगायचं."

"का हो मावशी?" पान्याने विचारलं.

"सांगितलं ना."

पुढे गेल्यावर पान्या खिदळला. "हात लावायचा नाही म्हणे! हिच्या भावाचा ट्रॅक्टर असेल ओढायला."

भाऊजीही हसले.

पहिला तास मजेत गेला. चढ, उतार, दगड, खड्डे. भाऊजी लहान पोरासारखे खूश होते. मग वाट खाणीच्या तळाशी उतरली.

तिथे चिखलाचा एक पट्टा होता. राखाडी. वर साय धरल्यासारखी चकचकीत कातडी.

आधी वास आला.

फ्रिज बंद करून माणसं गावाला जावीत, आणि आल्यावर कुणीतरी त्याचं दार उघडावं... तसा. गोडसर. घशात चिकटून बसणारा. भाऊजींनी काचा वर केल्या, तर तो एसीतून आला.

आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. एवढी घाण...

पण माशी एकही नव्हती.

बेडूक नाही. पाखरू नाही. काहीच नाही.

"चल, मागे फिरू," भाऊजी म्हणाले.

"थांब. ते बघ."

चिखलात चाकांच्या ताज्या खुणा गेल्या होत्या. आत गेलेल्या. बाहेर आलेल्या नव्हत्या. आणि कडेच्या सुक्या मातीवर एका जाड दोराचं टोक पडलं होतं, फास मारून ठेवलेलं. बाकीचा दोर चिखलात शिरला होता.

कुणीतरी ओढून घ्यायच्या तयारीत ठेवल्यासारखा.

"अरे, कुणीतरी बुडालंय की काय!" पान्या खाली उतरला.

"वेडा आहेस का? आख्खी गाडी बुडेल एवढं खोल असेल का हे?"

तेवढ्यात चिखलावर एक बुडबुडा आला. फुगला. फुटला.

आणि खालून...

हॉर्न वाजला.

दबलेला. उशीखाली फोन वाजावा तसा. पण हॉर्नच. लांबलचक.

एकच.

आत माणूस होता! फाटकावरची बाई, तिचं 'हात लावू नका', काही आठवलं नाही. दोघांचे हात आपोआप चालायला लागले. पान्याने विंचचा हूक फासात अडकवला. दोर तुटून तोंडावर येऊ नये म्हणून त्याच्यावर गाडीतली जड पायपुसणी टाकली. भाऊजींनी रिमोट हातात घेतला आणि अंगठ्याने बटण दाबलं.

विंच घरघरली. दोर ताणला. चिखलाने ओठ चोखल्यासारखा आवाज केला.

दोर यायला लागला.

त्याच्यावर बुळबुळीत थर होता. आधी भाऊजींना वाटलं शेवाळ. मग दिसलं, त्यात केस होते. लांब, गुंतलेले केस. न्हाणीघराच्या जाळीखालून निघतो ना गोळा, तसले. ते दोराबरोबर येत होते आणि विंचवर गुंडाळले जात होते. भाऊजींना ओकारी आली. ती त्यांनी गिळली, कारण खालून पुन्हा हॉर्न वाजला.

एक.

"ओढ! ओढत राहा!" पान्या ओरडला.

मग दोराचं दुसरं टोक वर आलं.

त्याला गाडी नव्हती. त्याला हूक नव्हता.

तो दोर... धरलेला होता.

एक हात होता तो. पांढराफटक. भिजून फुगलेला. कातडी मापाला मोठ्या हातमोज्यासारखी सैल झालेली, बोटांवर सरकत होती. पण पकड घट्ट होती. बोटं हलून दोर पुन्हा नीट धरत होती.

विंच ओढतच होती. मनगट आलं. मग मनगटाच्या वरचा भाग आला. आणखी आला. आणखी आला...

कोपर येईना.

हात येतच राहिला. गाडीच्या बंपरपासून वितीवर आलेली मूठ, आणि तिथून चिखलापर्यंत नुसता हात. ताणलेल्या कणकेसारखा मऊ, मधे कुठेच न वाकणारा. त्याच्यावरून पाणी ओघळत होतं आणि ज्या ज्या ठिकाणी ते मातीवर पडत होतं, तिथून तो गोडसर वास उठत होता.

पान्या बाजूला जाऊन भडाभडा ओकला.

हॉर्न वाजला. एक.

आता भीती म्हणाल, तर भाऊजी मला शपथेवर सांगतात, त्यांना भीती वाटलीच नाही. त्यांना किळस आली. आयुष्यात कधी आली नव्हती इतकी. तो हात आता बंपरला लागेल, आपल्या गाडीला लागेल, एवढं एकच डोक्यात होतं. त्यांनी बटण सोडलं. विंचची पकड काढून हूक बाहेर येईपर्यंत दोर ढिला सोडला. पान्याच्या पेटीतला चाकू घेतला.

"काय करतोस? त्याने हॉर्न दिलाय! एकच दिलाय!" पान्या तोंड पुसत ओरडला. "सोडून जायचं नसतं रे!"

"मला बघवत नाही!"

आणि भाऊजींनी विंचजवळ दोर कापला.

हात सावकाश आत गेला. दोराचा तुकडा, लाल ठिपक्याचा हूक, सगळं घेऊन. चिखलावरची साय पुन्हा जुळली.

ते उलट फिरून चढ चढत होते, तोवर मागून हॉर्न येत होता. एक. मग थांबून एक. मग एक. दोन कधीच झाले नाहीत.

फाटकावरच्या बाईला त्यांनी सगळं सांगितलं. हाताचं मात्र सांगितलं नाही. तिने फोन लावला. माती उकरायचं यंत्र आलं. त्या माणसांनी संध्याकाळपर्यंत आख्खा पट्टा उकरून काढला.

चिखल जेमतेम गुडघाभर होता. खाली कातळ.

गाडी नाही. माणूस नाही. हूकसुद्धा नाही.

"मी सांगितलं होतं, हात लावू नका," एवढंच बाई म्हणाली आणि तिने फाटक लावून घेतलं.

त्या दिवसापासून भाऊजी बदलले. ताईला त्यांनी एवढंच सांगितलं की दोर तुटला. गाडी त्यांनी साबणाने धुतली, फिनेलने धुतली, सीटची कव्हरं जाळून टाकली. वास गेला नाही. बिल्डिंगचे लोक पार्किंगमधून जाताना नाक धरायला लागले. भाऊजींचं जेवण तुटलं. कणीक मळलेली दिसली की ते उठून जायचे. बिचारी ताई! आपल्या हाताच्या चवीला काय झालं, हेच तिला कळेना.

पण खरं त्यांना आतून खात होतं ते वेगळंच. एकदा माझ्यापाशी बोलले.

"आत जिवंत माणूस असला तर? भीतीने सोडलं असतं तर एक वेळ समजू शकतो. मी किळस आली म्हणून सोडलं. मग त्या बाटल्या फेकणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय?"

मी म्हटलं, "भाऊजी, तिथे माणूस नव्हता. यंत्राने उकरलंय." त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही.

शेवटी गाडी काढून टाकायचं ठरलं. पान्याने गिऱ्हाईकही बघितलं. भाऊजींना कुठे जरा झोप लागायला लागली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी तिथेच होतो, बहिणीकडे. भाऊजी दुकानातून आले तेव्हा ताई मशीनवर ब्लाउज शिवत होती. ताईचं घरीच शिवणकाम आहे.

"अहो, तुमचा दोर आला बरं का," ती मान वर न करता म्हणाली.

"कसला दोर?"

"तुटलेला. एक गृहस्थ देऊन गेले मघाशी. खुर्चीवर ठेवलाय बघा."

खुर्चीवर दोर होता. धुतलेला. वाळवलेला. सुबक गुंडाळी केलेली. वर हूक, हुकावर लाल ठिपका. एक टोक चाकूने कापलेलं.

भाऊजी दोन पावलं मागे सरले.

"कोण होता?"

"नाव नाही सांगितलं. तुमच्या क्लबातलेच असतील. फार सभ्य. आभार मानायला आलो म्हणाले. पाणी मागितलं, प्यायले आणि गेले." ताईने दोरा दाताने तोडला. "शर्ट मात्र कुठल्या शिंप्याने शिवला कोण जाणे. उजवी बाही इतकी लांब, की खिशात घड्या घालून कोंबली होती. हात काही बाहेर काढला नाही त्यांनी. दोरही डाव्या हाताने दिला."

टेबलावर पेला होता. मी जवळ गेलो. काठावर, जिथे ओठ लागतो तिथे... राखाडी साय होती.

आणि तो वास.

"अजून काही बोलला?" भाऊजींनी विचारलं.

"हो, बरी आठवण केलीत. म्हणाले, साहेबांना सांगा, एवढ्यात गाडी विकू नका. उरलेला दोरही जपून ठेवा." ताईने मशीन थांबवून वर बघितलं. "त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर अजून दोघं आहेत म्हणे. असं काय करताय? कुठे अडकलेत बिचारे?"

ताईला ते आजपर्यंत कळलेलं नाही.

गाडी अजून पार्किंगमध्ये आहे. विकली नाही. तिकडे नेलीही नाही. पेला मी चिमट्याने उचलून बाहेर फेकला, तरी माझ्या बोटांना तो वास कितीतरी दिवस येत होता. खाणीचं फाटक म्हणे अजून उघडं असतं, रीतसर पास मिळतात.

भाऊजी दुकानात काचा पुसत बसतात. रस्त्यावर कुणी हॉर्न दिला की त्यांचा उजवा अंगठा आपोआप दाबला जातो. दोन वाजले, तर अंगठा सैल होतो आणि ते काच पुसायला लागतात.

एकच वाजला, तर अंगठा तसाच दाबलेला राहतो. समोर गिऱ्हाईक ताटकळत असतं, आणि भाऊजी दुसऱ्या हॉर्नची वाट बघत असतात.